क्षत्रिय आणि मागासलेले : कोल्हापुरातील वेदोक्त संघर्ष, सत्ता आणि ओळख

कोल्हापूरच्या इतिहासात १९०२ हे साल दोन हुकमांचे आहे. मे महिन्यात दरबाराने राजपुरोहित असलेल्या राजोपाध्यांची वतने जप्त केली. छत्रपतींच्या घरचे धर्मविधी वेदोक्त पद्धतीने करण्यास त्यांनी नकार दिला होता. छत्रपती क्षत्रिय आहेत आणि वेदमंत्रांवर त्यांचा अधिकार आहे, ही दरबाराची भूमिका होती. त्यानंतर २६ जुलैला दुसरा हुकूम निघाला. संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा तो हुकूम होता, आणि त्या वर्गांत मराठेही होते. धर्मविधीत क्षत्रिय आणि कचेरीत मागासलेले, अशा दोन ओळखी एकाच दरबाराने तीन महिन्यांच्या आत पुढे केल्या. यात विसंगती आहे असे तेव्हाही म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. प्रत्यक्षात दोन्ही हुकूम एकाच झगड्यातून निघाले होते. ज्या सत्तेशी सामना होता तिचे रूप देवघरात एक होते आणि कचेरीत दुसरे, म्हणून तिच्यासमोर मांडलेली ओळखही वेगळी होती.

वेदोक्ताचा वाद कळण्यासाठी आधी विधींची व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. धर्मशास्त्राच्या रूढ अर्थाप्रमाणे ब्राह्मण, क्षत्रिय आणि वैश्य या तीन वर्णांचे संस्कार वेदमंत्रांनी होतात. शूद्रांचे विधी पुराणांतील मंत्रांनी होतात आणि त्यांना मुंजीचा अधिकार नसतो. कलियुगात पहिला आणि शेवटचा असे दोनच वर्ण उरले, मधले दोन लोपले, असा सिद्धान्त पुढे रुजला. तो मान्य केला की राज्य करणारा, सैन्य बाळगणारा, न्याय देणारा राजासुद्धा पुरोहितासमोर शूद्र ठरतो. त्याच्या हाताखालचा, त्याच्याच इनामावर जगणारा भटजी वर्णाने त्याच्यावरचा राहतो. राजसत्ता आणि धर्मसत्ता यांच्यातला हा तिढा मराठ्यांच्या राज्यात पहिल्यापासून होता.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. काशीहून आलेल्या गागाभट्टांनी तो वैदिक विधीने केला. त्यासाठी आधी महाराजांची मुंज झाली, राण्यांशी समंत्रक विवाह पुन्हा लावले गेले, आणि भोसले कुळाचा संबंध मेवाडच्या सिसोदियांशी जोडला गेला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला निश्चलपुरी गोसावी यांनी तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक केला. ‘शिवराज्याभिषेक कल्पतरु’ हा ग्रंथ निश्चलपुरींची बाजू मांडतो आणि गागाभट्टांच्या विधीतले दोष दाखवतो. परमानंदांचे ‘शिवभारत’ महाराजांना पुराणातल्या राजवंशांच्या परंपरेत बसवते. सभासदांची बखर १६९७ मध्ये जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. हे तिन्ही ग्रंथ एकाच राजाच्या अधिकाराबद्दल वेगवेगळ्या वाचकांना काही सांगू पाहतात. ते केवळ घटनांची नोंद करणारे कागद नाहीत. राज्य उभे राहताना त्याच्या मागे कोणती वंशपरंपरा उभी करायची, हा निर्णय लेखनातूनच होत होता.

राज्याभिषेकाने प्रश्न मिटला नाही. पेशवाईत सत्ता पुण्याला गेली आणि साताऱ्याची गादी नावापुरती उरली, तेव्हा छत्रपतींच्या घरातले वेदोक्तही मागे पडले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या छायेखाली साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज कारभार पाहू लागले आणि भोसल्यांच्या क्षत्रियत्वाचा वाद पुन्हा उफाळला. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन विरोधकांच्या बाजूने होते. १८३० मध्ये साताऱ्यात पंडितांची सभा भरली आणि तिथे निर्णय छत्रपतींच्या बाजूने लागला. नऊ वर्षांनी इंग्रजांनी प्रतापसिंहांना पदच्युत केले. साताऱ्याचे राज्य पुढे खालसा झाले आणि छत्रपतींची सत्ताधारी गादी म्हणून कोल्हापूरच उरले.

कोल्हापूरची गादी ताराबाईंनी उभारली. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर यांच्या सीमा ठरल्या. शिवछत्रपतींचा वंश हाच या गादीचा आधार होता, त्यामुळे वंशाच्या दर्जावर येणारा प्रश्न सरळ गादीवर येत असे. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला. तेव्हा दरबारच्या सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. पुढच्या सगळ्या वादांच्या मागे हा आकडा आहे. वेदोक्ताची कथा तो बाजूला ठेवून सांगितली तर ती पंचगंगेच्या घाटावरच्या मानापमानाची गोष्ट होऊन बसते.

घाटावरचा प्रसंग १८९९ च्या कार्तिक महिन्यातला आहे. महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला जात. भटजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवत यांनी त्यांच्या लक्षात आणून दिले. विचारणा झाल्यावर, शूद्राच्या विधीला वेदमंत्र लागत नाहीत आणि म्हणून भटजीने स्वतः आंघोळ करण्याचीही गरज नाही, असे उत्तर मिळाल्याची हकीकत प्रचलित आहे. या प्रसंगात भागवतांचे असणे फार बोलके आहे. मुंबईत मराठा हायस्कूल काढणारे हे ब्राह्मण संस्कृत पंडित मराठ्यांच्या क्षत्रियत्वाच्या बाजूने लिहीत होते. संघर्षाची रेषा जातीवरून गेली हे खरे, पण सगळी माणसे तिच्या ठरल्या बाजूलाच उभी होती असे नाही.

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी कोल्हापूरच्या आधीच राजवाड्यात वेदोक्त सुरू केले होते. कोल्हापुरात मात्र प्रकरण चिघळले, कारण राजोपाध्ये हे पद वंशपरंपरेचे होते आणि त्याला मोठी वतने जोडलेली होती. दुसऱ्या पुरोहिताकडून राजवाड्यात वेदोक्त विधी होऊ लागले तरी राजोपाध्यांचा नकार कायम राहिला. दरबाराने चौकशी समिती नेमली. छत्रपतींचे घराणे क्षत्रिय असल्याचा तिचा निर्वाळा आला. काम करायचे नसेल तर त्या कामासाठी दिलेले इनाम राखता येणार नाही, या तत्त्वावर वतने जप्त झाली. राजोपाध्यांनी पोलिटिकल एजंट, मुंबई सरकार आणि शेवटी व्हाइसरॉय यांच्याकडे दाद मागितली. कोठेच यश आले नाही. धर्मशास्त्राचा प्रश्न अशा रीतीने इनामाच्या अटींचा प्रश्न झाला. परक्या सरकारला वर्णव्यवस्थेशी कर्तव्य नव्हते, पण सेवेच्या मोबदल्यात दिलेली जमीन ही गोष्ट त्याला उत्तम कळत होती. १९०५ मध्ये करवीर पीठाच्या शंकराचार्यांनीही छत्रपतींचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला.

टिळकांनी ऑक्टोबर १९०१ मध्ये ‘केसरी’त ‘वेदोक्ताचे खूळ’ या मथळ्याखाली अग्रलेख लिहिले. मंत्र बदलल्याने कोणाची योग्यता वाढत नाही, ती कर्तृत्वाने वाढते, हा त्यांच्या विरोधाचा गाभा होता. परंपरेने चालत आलेल्या उपाध्यायाची वृत्ती राजाने हिरावून घेऊ नये, हा दुसरा मुद्दा. पहिला मुद्दा वरवर समतेचा वाटतो. पण मंत्रांनी काहीच फरक पडत नसेल तर ते म्हणण्यास नकार देऊन वतनावर पाणी सोडण्याची तयारी का, हा प्रश्न तो अनुत्तरित ठेवतो. फरक पडत होता, म्हणूनच दोन्ही बाजू इतक्या हट्टाने लढल्या. टिळकांसारख्या राजकीय दृष्टी असलेल्या नेत्याला या वादातली सत्तेची बाजू दिसली नसेल असे मानणे कठीण आहे. परकीय सत्तेविरुद्ध एकजूट हवी असताना अंतर्गत भेद उकरू नयेत, ही त्यांची काळजी प्रामाणिक होती. पण त्या एकजुटीची किंमत एकाच बाजूने मोजावी अशी तीत अपेक्षा होती, आणि कोल्हापूर ती किंमत द्यायला तयार नव्हते. महाराष्ट्राच्या राजकारणात ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर ही फळी इथून उघड झाली.

२६ जुलै १९०२ चा जाहीरनामा ‘करवीर सरकारच्या गॅझेट’मध्ये छापला गेला. शाहू महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले होते. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांतून भराव्यात असा हुकूम होता. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि अन्य पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सगळे मागासलेले, अशी व्याख्या केली होती. ज्या खात्यात त्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथे पुढची नेमणूक त्यांचीच व्हावी, आणि खातेप्रमुखांनी दर तिमाहीला तपशील पाठवावा, अशी तरतूदही होती. ही तिमाही पत्रके हुकमातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हटली पाहिजेत. न्याय करण्याची इच्छा पुष्कळ राजांनी बोलून दाखवली आहे, पण कारकुनांच्या जागा दर तीन महिन्यांनी मोजायला लावणारे थोडे.

नोकरीसाठी माणसे शिकलेली हवीत म्हणून वसतिगृहे उघडली गेली. १९०१ मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची, नंतर मुस्लिम आणि लिंगायत विद्यार्थ्यांची, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांचे मिस क्लार्क बोर्डिंग. वसतिगृहे जातवार होती, यावर टीका झाली आहे. पण जिथे एका पंगतीत जेवणेच शक्य नव्हते तिथे मुलाला शहरात ठेवण्याचा व्यवहार्य मार्ग तोच होता, आणि जातीतील पैसेवाल्यांकडून देणग्याही त्यामुळेच मिळत. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले.

वर्णात वर चढण्याची मागणी त्या काळी कोल्हापूरपुरती नव्हती. १९०१ च्या खानेसुमारीत तिचे आयुक्त रिस्ले यांनी जातींची सामाजिक क्रमवारी लावण्याचा घाट घातला आणि देशभर जातिसभांचे अर्ज सुरू झाले. उत्तरेतील कुर्मी स्वतःला क्षत्रिय म्हणवू लागले. १९१९ मध्ये त्यांच्याच कानपूरच्या सभेत शाहूंना ‘राजर्षी’ ही पदवी मिळाली. दक्षिणेत मात्र मद्रासच्या जस्टिस पक्षाने आणि म्हैसूरच्या मिलर समितीने वर्ण बाजूला ठेवून नोकऱ्यांच्या वाट्याचा प्रश्न घेतला. कोल्हापुरात या दोन्ही वाटा एकत्र आल्या, हे या संस्थानाचे वेगळेपण.

तिसरी वाट सत्यशोधकांची होती. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला. वर्णव्यवस्था मुळातच अमान्य करणे आणि देव व माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हा त्याचा पाया. कोल्हापुरात १९११ मध्ये भास्करराव जाधवांच्या अध्यक्षतेखाली समाज सुरू झाला आणि दरबाराने त्याला पाठबळ दिले. क्षत्रियत्व सिद्ध करणे म्हणजे वर्णव्यवस्था मान्य करून तीत वरची जागा मागणे. सत्यशोधक होणे म्हणजे ती व्यवस्थाच नाकारणे. हे दोन्ही प्रवाह एकाच दरबाराच्या आश्रयाने आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या मनात वाहत होते. जाधवांचे ‘घरचा पुरोहित’ हे पुस्तक याचे चांगले उदाहरण. भटजीला न बोलावता घरच्या माणसाने विधी उरकावेत अशी त्याची योजना आहे. विधी राहतात, मध्यस्थ जातो.

इतिहासलेखनात हाच झगडा शिवाजी महाराजांच्या चरित्राभोवती झाला. फुल्यांनी १८६९ मध्ये पोवाडा लिहून महाराजांना कुळवाड्यांचा राजा म्हणून उभे केले. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात मराठी सत्तेचा उदय संतांच्या चळवळीशी जोडला आणि तो सर्व जातींच्या जागृतीचा परिणाम ठरवला. टिळकांच्या शिवजयंती उत्सवाने महाराजांना राष्ट्रीय प्रतिकाराचे प्रतीक केले. १९०६ मध्ये कृष्णराव अर्जुन केळूसकरांनी मराठीत सविस्तर चरित्र लिहिले. यात खऱ्याखोट्या कागदांचा वाद होताच, पण कागद तेच असूनही निवड वेगळी होती. कोणी अष्टप्रधान आणि गुरू पुढे आणले, कोणी मावळे आणि शेतसारा. इतिहाससंशोधक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या शोधाबद्दल महाराष्ट्र कायम ऋणी राहील. पण कायस्थ प्रभूंविषयीचे त्यांचे निष्कर्ष वाचून प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहिले, आणि पुढच्या वर्षी ‘ग्रामण्याचा साद्यंत इतिहास’. पेशवाईत प्रभूंना वेदोक्त नाकारण्यासाठी झालेल्या बहिष्कारांची त्यात जुन्या कागदांच्या आधारे मांडणी आहे. वेदोक्त नाकारले गेले होते ते फक्त मराठ्यांना नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. अभिलेखागाराची किल्ली ज्यांच्या हाती, इतिहास त्यांचा, ही स्थिती या पुस्तकांनी मोडायला घेतली.

ललित लेखनाने तो वाद गावापर्यंत नेला. अहमदनगर जिल्ह्यातल्या तरवडी गावातून ‘दीनमित्र’ हे वृत्तपत्र चालवणाऱ्या मुकुंदराव पाटलांनी १९१३ मध्ये ‘कुलकर्णी-लीलामृत’ हे ओवीबद्ध काव्य लिहिले. पोथ्यांचा ओवीछंद गावकऱ्यांच्या कानात बसलेला होता. त्याच छंदात त्यांनी कुलकर्ण्याच्या दफ्तरातली फसवणूक सांगितली. अक्षर न येणाऱ्या शेतकऱ्याला जमिनीच्या नोंदी, सारा, कर्ज आणि गहाणखत या सगळ्यांसाठी एकाच वतनदार घराण्यावर अवलंबून राहावे लागे, हे त्या काव्याचे खरे दुखणे. १९१८ मध्ये शाहूंनी कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. काव्यामुळे कायदा झाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण ज्या अन्यायाला तोवर नशीब म्हटले जात होते त्याला या काव्याने व्यवस्था म्हणून ओळखायला शिकवले, आणि असा कायदा लोकांना आपला वाटण्यासाठी ते आवश्यक होते. सत्यशोधक जलशांनी तेच काम तमाशाच्या अंगाने केले. वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत फुल्यांचा विचार पुस्तकातून जितका गेला नसेल तितका ढोलकी आणि संवादांतून गेला.

१९२० मध्ये या चळवळीच्या पोटातले ताण दिसू लागले. त्या वर्षी शाहूंनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांची क्षात्र जगद्गुरू म्हणून नेमणूक केली. ब्राह्मण धर्मपीठाला समांतर मराठा धर्मपीठ अशी ती कल्पना. सत्यशोधकांतील अनेकांना ती रुचली नाही, आणि त्यांचा आक्षेप बरोबर होता. गुरू बदलला तरी गुरूची गादी राहिलीच. त्याच वर्षी २१ आणि २२ मार्चला कागल जहागिरीतल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली झाली. शाहू तिला हजर होते आणि अस्पृश्यांना त्यांचा पुढारी सापडला आहे असे त्यांनी जाहीर सांगितले. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ या नियतकालिकाला त्यांनी अडीच हजार रुपये दिले होते. संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा १९१९ मध्ये बंद करून मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम निघाला होता. गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार खावा लागला, तेव्हा शाहूंनी त्यांना भर शहरात चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे चहा घेतला. धर्मपीठ आणि हॉटेल या दोन्ही गोष्टी त्याच राजाने केल्या. त्यांतली दुसरी अधिक खोलवर गेली असे म्हणावे लागते, कारण तिथे दर्जा मागायचा नव्हता, सोवळे मोडायचे होते.

६ मे १९२२ रोजी शाहूंचे निधन झाले. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी मुंबई कायदेमंडळात मराठे आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखीव ठेवल्या होत्या. ब्राह्मणेतर पक्ष निवडणुकीत उतरला आणि भास्करराव जाधव मुंबई सरकारात मंत्री झाले. लेखणी अधिक कडवट झाली. १९२५ मध्ये दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवर खटला झाला, त्यात आंबेडकरांनी बचाव केला. पुढच्या दशकात केशवराव जेधे यांच्यासारखे पुढारी काँग्रेसमध्ये गेले आणि पक्ष विरून गेला. सत्ता बहुसंख्य शेतकरी जातींकडे आली. अस्पृश्यांचे राजकारण मात्र वेगळ्या वाटेने चालू राहिले, आणि माणगावात दिसलेली एकी टिकली नाही.

इतिहासकारांनी या काळाचे अर्थ निरनिराळे लावले. अण्णासाहेब लठ्ठे यांनी १९२४ मध्ये लिहिलेल्या चरित्रात जवळच्या सहकाऱ्याचा आदर आहे. इयन कॉपलंड यांनी १९७३ मधल्या लेखात महाराजांच्या धोरणामागे दरबारातली ब्राह्मण नोकरशाही हटवण्याचा राजकीय हिशेब पाहिला. १९७६ मध्ये धनंजय कीर यांनी त्यांना राजसिंहासनावरचा क्रांतिकारक म्हटले, आणि त्याच वर्षी गेल ऑम्व्हेट यांनी सत्यशोधक चळवळीला वसाहतीच्या काळातले सांस्कृतिक बंड मानले. य. दि. फडके यांनी शाहू आणि टिळक यांना समोरासमोर ठेवून दोघांचेही कागद तपासले. शिवाजी विद्यापीठाने डॉ. विलास संगवे यांच्या संपादनाखाली शाहूंची कागदपत्रे १९७८ पासून खंडांत प्रसिद्ध केली, त्यामुळे आता मूळ हुकूम वाचूनच बोलता येते. कॉपलंड यांचा मुद्दा नाकारण्याचे कारण नाही. सत्तेचा हिशेब होताच. पण केवळ हिशेबापुरती गोष्ट असती तर ब्राह्मण कारकुनांच्या जागी मराठे सरदार नेमून काम भागले असते. खेड्यातल्या मुलाला सक्तीने शाळेत घालण्याची आणि हॉटेलात चहा पिण्याची गरज पडली नसती.

मराठ्यांच्या ओळखीचा प्रश्न पुन्हा कागदांपाशी आला आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग म्हणून मराठ्यांना आरक्षण दिले, ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, आणि २०२४ मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा झाला. दरम्यान मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी, म्हणजे आधीच इतर मागास वर्गात असलेल्या शेतकरी जातीच्या नोंदी, शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. १९०२ मध्ये क्षत्रियत्वाचा पुरावा शोधला गेला होता. आता महसुलाची दफ्तरे, शाळांची रजिस्टरे आणि जन्ममृत्यूच्या नोंदी कुणबी या एका शब्दासाठी तपासल्या जात आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच मोडीत असल्याने त्या वाचणाऱ्यांना पुन्हा काम मिळाले आहे.